ज्वालाग्राही पदार्थ

ज्वालाग्राही पदार्थ म्हणजे ठिणगी, ज्योत किंवा तापलेला पृष्ठभाग यांच्या सान्निध्यात सहज पेट घेणारा आणि पेटल्यावर वेगाने जळणारा घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ होय. पेट्रोल, अल्कोहोल, ॲसिटोन, स्वयंपाकाचा गॅस, ॲसिटिलीन, गंधक, कापूस आणि सुके गवत ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. याच अर्थाने ‘ज्वलनशील’ हा शब्दही मराठीत रूढ आहे. जळू शकणारा प्रत्येक पदार्थ ज्वालाग्राही मानला जात नाही. लाकडाचा ओंडका जळतो, पण आगपेटीच्या एका काडीने पेटत नाही. त्याच लाकडाची बारीक भुकटी हवेत पसरली असता ठिणगीनेही भडका उडतो. पदार्थ जळतो की नाही, यापेक्षा तो कोणत्या रूपात, कोणत्या तापमानाला आणि किती सहज पेट घेतो, याचा बोध या संज्ञेतून होतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत उसाचे पाचट व चिपाडे यांसारखे शेतीतील ज्वालाग्राही पदार्थ आणि अल्कोहोल, औद्योगिक द्रावके व इंधने यांसारखे कारखानदारीतील ज्वालाग्राही पदार्थ एकाच परिसरात आढळतात. त्यामुळे या संज्ञेच्या व्यवहारातील अर्थाचे हा परिसर चांगले उदाहरण आहे.

व्युत्पत्ती

‘ज्वालाग्राही’ हा संस्कृतातून आलेला सामासिक शब्द आहे. ‘ज्वाला’ हा शब्द ‘ज्वल्’ (पेटणे, प्रकाशणे) या धातूपासून, तर ‘ग्राही’ हा ‘ग्रह्’ (घेणे) या धातूपासून बनला आहे. ज्वाला ग्रहण करणारा तो ज्वालाग्राही, असा त्याचा विग्रह होतो. गुणग्राही व सारग्राही हे शब्द याच घडणीचे आहेत. मराठीतील ‘पेट घेणे’ या वाक्प्रचारातही हीच कल्पना आहे.

‘ज्वलनशील’ हा शब्द ‘ज्वलन’ आणि ‘शील’ (स्वभाव) यांपासून तयार झाला असून जळणे हा ज्याचा स्वभाव आहे तो, असा त्याचा अर्थ होतो. सहनशील, विचारशील हे शब्द असेच बनले आहेत. केवळ व्युत्पत्ती पाहिली, तर ‘ज्वलनशील’ या शब्दात जळण्याचा गुणधर्म आणि ‘ज्वालाग्राही’ या शब्दात चटकन पेटण्याचा गुणधर्म मुख्य ठरतो. वृत्तपत्रीय व दैनंदिन लेखनात मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात.

दोन्ही विशेषणे लिंग व वचनानुसार बदलत नाहीत. जसे ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही वस्तू, ज्वालाग्राही रसायने. भाववाचक नाम म्हणून ‘ज्वलनशीलता’ हे रूप अधिक प्रचलित आहे. विरुद्ध अर्थाने ‘अज्वलनशील’ हा शब्द योजतात. ‘अग्निरोधक’ किंवा ‘ज्वालारोधक’ हे शब्द आगीला काही काळ दाद न देणाऱ्या कापड, रंग, दरवाजे इत्यादी वस्तूंसाठी वापरले जातात; अशा वस्तू कधीच जळत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही.

मराठीतील वापर

टँकर, गॅस सिलिंडर, रंग व थिनरचे डबे, सॅनिटायझरच्या बाटल्या आणि कारखान्यांतील साठवणुकीच्या टाक्या यांवरील सूचनांमध्ये ‘ज्वालाग्राही’ किंवा ‘ज्वलनशील’ हे शब्द आढळतात. धोक्याची तीव्रता दाखवण्यासाठी त्यांच्यामागे ‘अति’ किंवा ‘अत्यंत’ जोडले जाते.

‘ज्वालाग्राही’ आणि ‘स्फोटक’ हे शब्द समानार्थी नाहीत. स्फोटकाच्या रासायनिक रचनेत किंवा मिश्रणातच ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन बहुधा असतो. ज्वालाग्राही पदार्थाला तो हवेतून मिळावा लागतो. बंद जागेत साचलेली पेट्रोलची वाफ किंवा गॅस पेटला, तर परिणाम स्फोटासारखा होत असल्याने बोलण्यात हा भेद पुसट होतो. ‘ज्वलंत’ या शब्दाचा अर्थही वेगळा आहे. जे प्रत्यक्ष जळत आहे ते ज्वलंत. त्यावरूनच ‘ज्वलंत प्रश्न’ हा प्रयोग आला.

लाक्षणिक अर्थाने लोकांच्या भावना लवकर भडकवणारे भाषण किंवा लेखन ‘ज्वालाग्राही’ म्हटले जाते. ‘आगीत तेल ओतणे’ हा वाक्प्रचार अशा पदार्थांच्या रोजच्या अनुभवातूनच आला आहे.

इंग्रजीत या अर्थाचे ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. दुसऱ्या शब्दातील ‘इन’ हा उपसर्ग नकारार्थी नसूनही तसा समजला जाण्याची शक्यता असल्याने सुरक्षा-सूचनांमध्ये ‘फ्लेमेबल’ हा शब्द पसंत केला जाऊ लागला. मराठीतील दोन्ही शब्दांबाबत असा घोटाळा संभवत नाही.

सहज पेटणाऱ्या पदार्थांची माहिती भारतीय परंपरेत जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात वारणावत येथील लाक्षागृहाची कथा येते. पांडवांना जाळून मारण्यासाठी पुरोचनाने उभारलेल्या या घरात लाख, राळ, तूप, तेल, चरबी व ताग यांसारखे पदार्थ वापरल्याचे वर्णन त्यात आहे.

पेट घेण्याची प्रक्रिया

ज्वलनासाठी इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांना ‘अग्नित्रिकोण’ म्हणतात. त्यांपैकी एक काढून घेतली की आग विझते.

ज्वालाग्राही द्रव स्वतः जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ हवेत मिसळून जळते. ज्या किमान तापमानाला द्रवावर क्षणभर पेटण्याइतकी वाफ जमते, त्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे ४३ अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा सुमारे उणे २० अंश, टोल्युइनचा सुमारे ४ अंश, मिथेनॉलचा सुमारे ११ अंश, तर शुद्ध इथेनॉलचा सुमारे १३ अंश असतो. हे द्रव महाराष्ट्राच्या हवामानात बहुतेक सर्व काळ पेटण्याच्या स्थितीत असतात. केरोसीनचा फ्लॅश पॉइंट सर्वसाधारणपणे ३५ ते ४० अंशांपासून पुढे असतो. म्हणून थंडीत काडीला सहज दाद न देणारे केरोसीन, उन्हाळ्यात दुपारी तापमान ४० अंशांच्या आसपास गेले की, अधिक धोकादायक होते.

ठिणगी किंवा ज्योत नसतानाही केवळ तापल्याने पदार्थ ज्या तापमानाला पेटतो, ते त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान होय. या दोन मापांचा क्रम सारखाच असतो असे नाही. डिझेलचा फ्लॅश पॉइंट पेट्रोलपेक्षा पुष्कळ वरचा असला, तरी त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान पेट्रोलपेक्षा कमी असते. म्हणूनच डिझेल इंजिनमध्ये ठिणगीची गरज लागत नाही. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते.

वाफ किंवा वायू हवेत विशिष्ट प्रमाणात असेल तरच पेटतो. पेट्रोलच्या वाफेसाठी हे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के, इथेनॉलसाठी ३.३ ते १९ टक्के, मिथेनसाठी ५ ते १५ टक्के आणि हायड्रोजनसाठी ४ ते ७५ टक्के आहे. ज्या टाकीत द्रव शिल्लक नाही पण वाफ उरली आहे, अशी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरू शकते, याचे कारण हेच आहे. रिकाम्या वाटणाऱ्या पिंपावर किंवा टँकरवर वेल्डिंग करताना होणारे स्फोट याच प्रकारचे असतात.

पेट्रोल, अल्कोहोल व स्वयंपाकाचा गॅस यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, गटारांत व खड्ड्यांत साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचून पेटल्यास ज्वाला मागे मूळ साठ्यापर्यंत येते. गोबर गॅसमधील मुख्य घटक असलेला मिथेन मात्र हवेपेक्षा हलका असल्याने छपराखाली साचतो.

घन पदार्थांच्या बाबतीत आकार आणि ओलावा महत्त्वाचा असतो. पदार्थ जितका बारीक व कोरडा, तितका हवेशी संपर्क अधिक आणि पेट घेणे सोपे. पिठी, कोळशाची भुकटी व साखरेची धूळ बंद जागेत हवेत तरंगत असेल, तर तिचा स्फोट होतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा असा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले.

वर्गीकरण

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या वर्गवारीत ज्वालाग्राही वायू वर्ग २.१ मध्ये, ज्वालाग्राही द्रव वर्ग ३ मध्ये आणि ज्वालाग्राही घन पदार्थ वर्ग ४.१ मध्ये येतात. आपोआप पेट घेणारे पदार्थ वर्ग ४.२ मध्ये, तर पाण्याच्या संपर्काने ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ वर्ग ४.३ मध्ये मोडतात. पदार्थांना दिलेल्या चार अंकी क्रमांकांपैकी पेट्रोलचा क्रमांक १२०३ आणि इथेनॉलचा ११७० आहे. वाहनांवरील लाल रंगाचा, ज्वालेचे चित्र असलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा फलक ज्वालाग्राही द्रव किंवा वायू दर्शवतो.

भारतातील पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोलियम पदार्थांचे फ्लॅश पॉइंटवरून तीन वर्ग पडतात. २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी फ्लॅश पॉइंट असलेले पदार्थ ‘ए’, २३ ते ६५ अंशांपेक्षा कमी असलेले ‘बी’ आणि ६५ ते ९३ अंशांपेक्षा कमी असलेले ‘सी’ वर्गात येतात. पेट्रोल ‘ए’ वर्गात, तर केरोसीन ‘बी’ वर्गात मोडते.

शिरूर व दौंड तालुक्यांतील स्थिती

ऊस, पाचट आणि चिपाडे

घोड, भीमा व मुळा-मुठा या नद्या आणि घोड, चासकमान व खडकवासला प्रकल्पांचे कालवे यांमुळे या दोन तालुक्यांचा मोठा भाग बागायती झाला व तेथे ऊस हे प्रमुख पीक बनले. शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा, तर दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दौंड तालुक्यात गुळाची गुऱ्हाळेही मोठ्या संख्येने आहेत.

उसाची वाळलेली पाने म्हणजे पाचट. ते हलके, पातळ व कोरडे असल्याने गळीत हंगामात शेतातील सर्वांत ज्वालाग्राही वस्तू ठरते. लोंबकळणाऱ्या वीजवाहक तारा एकमेकींना घासून पडलेली ठिणगी, विडीचे थोटूक किंवा शेजारच्या शेतात मुद्दाम पेटवलेले पाचट एवढ्याने उभ्या उसाला आग लागते. दाट वाढलेल्या उसात ती वाऱ्याच्या दिशेने झपाट्याने पसरते. जळालेल्या उसातील साखर लवकर घटत असल्याने तो तातडीने तोडून गाळपाला न्यावा लागतो. शिवाय अशा उसाच्या दरात कपात केली जाते. त्यामुळे पूर्ण पीक जळाले नाही, तरी शेतकऱ्याचे नुकसान होते. पाचट जाळल्याने जमिनीला मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्य व नत्रही वाया जाते. म्हणून ते न जाळता शेतातच कुजवण्याची शिफारस कृषी विभाग करतो.

या आगीचा धोका केवळ पिकापुरता नसतो. हंगामात बाहेरून येणारे ऊसतोड कामगार कुटुंबांसह ज्या कोप्यांमध्ये राहतात, त्या बहुधा बांबू, उसाची पाने, चटया आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या असतात. शेजारी शेजारी उभारलेल्या या कोप्यांबाहेर उघड्या चुली असतात. एका कोपीला लागलेली आग काही मिनिटांत दुसरीपर्यंत पोहोचते आणि कामगार तोडीला गेलेले असतील, तर मागे लहान मुलेच असतात.

रस काढल्यानंतर उरणारा चोथा साखर कारखान्यात ‘बगॅस’ आणि गुऱ्हाळावर ‘चिपाडे’ या नावाने ओळखला जातो. कारखान्यातून निघताना बगॅसमध्ये सुमारे निम्मे वजन पाण्याचे असते आणि तो सहज पेटत नाही. उन्हात वाळल्यावर मात्र तोच ज्वालाग्राही होतो. गुऱ्हाळावर वाळलेली चिपाडे चुलवणात इंधन म्हणून घातली जातात. त्यामुळे इंधनाचा ढीग आणि विस्तव यांच्यात पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते. कारखान्यांतील बगॅसच्या मोठ्या ढिगांत सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे आतल्या आत उष्णता वाढते व बाहेरची ठिणगी नसतानाही ढीग धुमसू लागतो.

अल्कोहोल आणि रसायने

साखरनिर्मितीत उरणारी मळी स्वतः सहज पेटत नाही. ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून मिळणारे अल्कोहोल मात्र अत्यंत ज्वालाग्राही असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय धोरणामुळे ऊसपट्ट्यात अल्कोहोलचे उत्पादन, साठवण आणि वाहतूक वाढली आहे. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असून भर उन्हात ती नजरेस पडणे कठीण असते.

दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे रासायनिक कारखान्यांचे प्रमाण मोठे आहे. औषधी व इतर रसायनांच्या निर्मितीत द्रावके म्हणून मिथेनॉल, टोल्युइन, ॲसिटोन यांसारखे द्रव वापरले जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये या वसाहतीतील एका रसायन कारखान्याला रात्री भीषण आग लागली आणि परिसरातील ग्रामस्थांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. कोणत्या कारखान्यात कोणता पदार्थ किती प्रमाणात साठवला आहे, ही माहिती लगतच्या गावांना असणे का आवश्यक आहे, हे अशा प्रसंगी दिसून येते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत वाहन, विद्युत उपकरणे इत्यादी उद्योग आहेत; तेथे रंग, थिनर, वेष्टनाचा पुठ्ठा व फोम हे ज्वालाग्राही पदार्थ आढळतात.

रस्ते आणि रेल्वे

हवेली तालुक्यातील लोणी काळभोर येथे तेल कंपन्यांचे साठे असल्याने पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या भागातून इंधनाच्या टँकरची वाहतूक होते. उलटलेल्या टँकरमधून सांडणारे इंधन गोळा करण्यासाठी गर्दी करणे जीवघेणे असते. कारण जमिनीलगत पसरलेली वाफ दिसत नाही आणि दुचाकी सुरू करताना उडणारी ठिणगीही तिला पुरेशी होते.

दौंड हे मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन असून तेथून मनमाडकडे मार्ग फुटतो. प्रवासी गाड्यांत गॅस सिलिंडर, पेट्रोल, केरोसीन, फटाके व तत्सम पदार्थ नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार असे धोकादायक पदार्थ बेकायदेशीरपणे नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदेशीर तरतुदी

पेट्रोलियम अधिनियमानुसार ‘ए’ वर्गातील पेट्रोलियम विक्रीसाठी नसेल, तर ठरवून दिलेल्या भांड्यांत एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. कारखान्यांतील साठ्यांना घातक रसायनांची निर्मिती, साठवणूक व आयात यासंबंधीचे १९८९ चे नियम लागू होतात. भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ करण्यात आला आणि त्याखाली हे नियम तयार झाले. वाहतुकीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये फलक, वाहनचालकाचे प्रशिक्षण आणि आपत्कालीन माहिती यांविषयी तरतुदी आहेत. इमारतींसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे.

आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ हाताळताना मानवी जीविताला धोका होईल असा निष्काळजीपणा करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८५ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २८७ मध्ये आहे.

दक्षता आणि अग्निशमन

ज्वालाग्राही पदार्थ उष्णता व ठिणगीपासून दूर, घट्ट झाकणाच्या योग्य भांड्यांत व हवेशीर जागी साठवले जातात. एका पात्रातून दुसऱ्या पात्रात द्रव ओतताना स्थिर विद्युतभार साचून ठिणगी पडू शकते. त्यामुळे टँकर रिकामा करताना तो तारेने जमिनीशी जोडतात.

आग विझवण्याची पद्धत पदार्थानुसार बदलते. पाचट, लाकूड, कापूस व कागद यांच्या आगीवर पाणी प्रभावी ठरते. पेट्रोल, डिझेल व तेल पाण्यावर तरंगतात. त्यांच्यावर पाण्याचा झोत मारल्यास आग पसरते, म्हणून फेस किंवा कोरडी रासायनिक भुकटी वापरतात. अल्कोहोल पाण्यात मिसळते व साधा फेस मोडून टाकते. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा विशेष फेस लागतो. सोडियमसारख्या धातूंवर पाणी टाकल्यास हायड्रोजन तयार होऊन आग वाढते. गॅसची गळती जाणवल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा व दारे-खिडक्या उघडाव्यात, अशी सूचना दिली जाते. अग्निशमन दलाचा दूरध्वनी क्रमांक १०१, एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२ आणि स्वयंपाकाच्या गॅसगळतीसाठीचा क्रमांक १९०६ आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. या जहाजावर कापसाच्या गाठी आणि युद्धोपयोगी स्फोटके एकत्र लादलेली होती; ज्वालाग्राही मालाची आग स्फोटकांपर्यंत पोहोचली. या दुर्घटनेत मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ भारतात दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

हे सुद्धा पहा

ज्वलन
अग्निशमन
इथेनॉल
पाचट
स्फोटक पदार्थ
कुरकुंभ
दौंड तालुका
शिरूर तालुका